रानात आधी कोण राहत होतं?

ओंडक्यांचं घर, बाहेर बर्फ, आत ऊब, आई-बाबा, मुली आणि जॅक नावाचा कुत्रा. ‘विंटर डेज इन द बिग वुड्स’ या चित्रपुस्तकात याहून फार काही घडत नाही, तरी लहान मूल ते पुन्हा पुन्हा उघडतं. लॉरा इंगल्स वाइल्डरची ‘लिटल हाउस इन द बिग वुड्स’ ही कादंबरी 1932 साली आली आणि पुढे तिची मालिका झाली. 1990च्या दशकात त्याच गोष्टी नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी छोट्या चित्रपुस्तकांमधून आल्या. त्यांपैकी हे एक. चित्रं रेने ग्राफ यांची आहेत. 1953च्या आवृत्तीसाठी गार्थ विल्यम्स यांनी काढलेल्या रेखाटनांतली ऊब त्यांनी रंगांत उतरवली आहे.

बल्लारपुरात बसून हे वाचताना बर्फ सोडला तर फारसं काही परकं वाटत नाही. ऋतू बदलायच्या आत साठवण करायची, लाकूडफाटा रचायचा, मांस टिकवायचं, लोणी काढायचं. आपल्याकडे मोहफुलं वाळवतात, तेंदूपत्त्याची पुडकी बांधतात, पावसाळ्याआधी सरपण आत घेतात. या पुस्तकाचं मोठं बळ म्हणजे ते कामाचीच गोष्ट करतं. आई काय करते, बाबा काय करतात, लॉरा कशात हात घालते, एवढंच. वाक्यं छोटी, प्रत्येक वाक्यात एक क्रिया, आणि ती क्रिया चित्रात दिसते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला चित्र हात देतं. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचात हेच दिसतं: घरातली माणसं, त्यांची रोजची कामं आणि मोजके शब्द. उपदेश न करताही मूल वाचतं, हे दोन्हीकडे कळतं.

मग अडचण कुठे आहे? पुस्तक सोपं करताना काय गाळलं, यात.

मालिकेतली ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ ही कादंबरी 1935 ची. तिच्यात इंगल्स कुटुंब कॅन्ससमध्ये जाऊन घर बांधतं. खऱ्या आयुष्यात ते 1869 ते 1871 च्या दरम्यान तिथे होतं आणि ती जमीन ओसेज या आदिवासी राष्ट्राची राखीव जमीन होती. म्हणजे बाबांनी घर बांधलं ते दुसऱ्याच्या जागेवर. कादंबरीत ओसेज लोकांबद्दल पूर्वग्रह ठासून भरले आहेत. एका ठिकाणी तर त्या मुलखात माणसंच नाहीत, फक्त इंडियन राहतात, अशा अर्थाचं वाक्य होतं. वाचकाच्या तक्रारीनंतर 1953 साली ‘माणसं’ या शब्दाच्या जागी ‘वसाहतकरी’ अशा अर्थाचा शब्द घातला गेला. याच चित्रणामुळे 2018 साली अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने आपल्या पुरस्कारावरून वाइल्डर यांचं नाव काढलं. पहिला पुरस्कार 1954 मध्ये त्यांनाच दिला होता.

पण त्या कादंबरीत ओसेज निदान दिसतात. ते दारात येतात, आई घाबरते, लॉरा नको ते प्रश्न विचारते आणि शेवटी ते लोक रांगेने निघून जातात. वाचणाऱ्या मुलाला ‘हे का जातायत?’ असं विचारायला जागा राहते. लहानांसाठीच्या ‘अ लिटल प्रेअरी हाउस’मध्ये उरतं ते गाडी, घराचं बांधकाम आणि मदतीला येणारा शेजारी एडवर्ड्स. भांडण गेलं, भीती गेली आणि त्यांच्याबरोबर माणसंही गेली. सहा वर्षांच्या मुलाला अवघड गोष्ट सांगू नये, हे समजू शकतं. पण रिकामं रान दाखवणं हेही सांगणंच आहे. हे मुलाचं पहिलं पुस्तक असेल, तर रान रिकामं असतं ही त्याची पहिली समजूत ठरते.

हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. बल्लारपूर ही गोंड राजांची जुनी राजधानी. वर्धेच्या काठावर किल्ला अजून उभा आहे. इथली पेपर मिल 1945 ची आणि गडचिरोलीच्या रानातला बांबू वर्षानुवर्षं तिच्याकडे आला. आपल्या वह्या-पुस्तकांचा कागद त्या रानातून येत होता, पण त्या रानातलं माडिया मूल त्या पानांवर किती वेळा दिसलं? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो 2009 साली आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना स्वतः द्यायचा अधिकार 2011 साली. रान कुणाचं, हा इथे अजून चालू असलेला प्रश्न आहे.

आपल्याकडेही रानात जाऊन नवं जग उभं करणाऱ्यांच्या गोष्टी आहेत आणि त्या सुंदर आहेत. वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमटे 1951 साली सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये घेऊन आले. आनंदवनाची ही सुरुवात चित्रपुस्तकासाठी तयारच आहे: मोजता येण्यासारखे आकडे, एक कुत्रा आणि खणायची एक विहीर. 1973 सालच्या हेमलकशाची गोष्ट मात्र वेगळी, कारण तिथे आधीपासून माडिया राहत होते. प्रकाश आमटे यांच्या प्राणी-अनाथालयाची सुरुवात शिकारीतून झाली. माडियांनी मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. ही गोष्ट मुलांना सांगताना आपण पिल्लावर थांबतो. शिकारी मागे राहतो, थोडा क्रूरही वाटतो. लॉराचे बाबा हरीण मारून आणतात आणि पोकळ खोडात धूर करून मांस टिकवतात, तेव्हा मात्र आपल्याला घरची ऊब जाणवते. भूक दोघांचीही तीच. फरक इतकाच की एकाच्या घरात शिरून गोष्ट सांगितली गेली आणि दुसऱ्याकडे दुरून पाहिलं गेलं.

घराच्या आतून सांगितलेलं पुस्तक कसं असतं, ते लुईस एर्ड्रिक यांच्या ‘द बर्चबार्क हाउस’मध्ये (1999) दिसतं. ते थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे. नायिका ओमाकायस ही ओजिब्वे मुलगी, काळ 1847 चा. तिथेही ऋतूंप्रमाणे कामं आहेत, मेपलची साखर आहे, आजी आहे. बाहेरून आलेली देवीची साथही आहे. वाइल्डरच्या कादंबरीतही मेपलची साखर गोड लागते, फक्त हे शहाणपण गोऱ्यांना कुणी शिकवलं ते तिथे येत नाही.

म्हणून ‘विंटर डेज’ मुलांच्या हातातून काढून घ्यावं असं मी म्हणणार नाही. कामाचा आनंद शब्दांत कसा पकडायचा, हे त्याच्याकडून शिकावं. पण आपल्या जिल्ह्यांवर कुणी नवख्या वाचकांसाठी असं पुस्तक करत असेल, तर एक जोडपान राखून ठेवावं. त्यावर बाहेरून आलेला माणूस वाट विचारतोय आणि माडिया मुलगी ती दाखवतेय. मजकूर दोनच वाक्यांचा, जोडाक्षरं नसलेला. पहिलं वाक्य तिच्या गावाचं नाव सांगणारं असावं.