दारं काढा, भिंतीला टेकवा

चित्रांचं पुस्तक म्हटलं की आपला वाचक ते पोराच्या हातात देतो आणि मोकळा होतो. रेमंड ब्रिग्जच्या 'व्हेन द विंड ब्लोज'चं तसं करू नका. हा माणूस पोरांच्याच चित्रपुस्तकांसाठी प्रसिद्ध, पण १९८२ साली त्याने हे जे काढलं ते वाचून मोठ्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मला ते फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं. मुखपृष्ठावर म्हातारा-म्हातारी बघून वाटलं, विनोदी काहीतरी असेल. तसं विनोदी आहेही. तिथंच तर गोची आहे.

गोष्ट एवढीच. जिम आणि हिल्डा ब्लॉग्ज हे इंग्लंडातलं म्हातारं जोडपं, वस्तीपासून लांब छोट्या घरात राहतं. जिम सार्वजनिक वाचनालयात जाऊन पेपर वाचतो आणि तिथून सरकारी माहितीपत्रकं घेऊन येतो. युद्ध येणार, बॉम्ब पडणार, तर घरच्या घरी काय करायचं ते त्यात लिहिलेलं आहे. घरातली दारं बिजागरीतून काढा, आतल्या भिंतीला साठ अंशात तिरकी टेकवा, वर उशा-गाद्या रचा, आणि त्या खोपटात शिरा. खिडक्यांना पांढरा रंग द्या. जिम कोनमापक घेऊन बसतो. हिल्डाला काळजी दारांच्या रंगाची आणि उशांच्या खोळींची. मग बॉम्ब पडतो. दोघं जगतात. आणि त्यानंतर पानोपानी, हळूहळू, चहा पीत-पीत मरत जातात, ते पण आपण मरतोय हे कळल्याशिवाय.

हे पत्रक ब्रिग्जने कल्पनेतून काढलेलं नाही. 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' या नावाने ब्रिटिश सरकारने ते १९८० साली खरंच छापलं, ५० पेन्सला विकलं. चौदा दिवसांचं अन्नपाणी साठवा म्हणून त्यात सांगितलंय. घरात कुणी मेलं तर प्रेत दुसऱ्या खोलीत न्या, झाका, ओळखीची चिठ्ठी बांधा, हेही सांगितलंय. दुसरी खोली! सरकारी कागदात प्रत्येकाला दुसरी खोली असतेच.

आता मुद्द्याचं बोलतो. जिम ब्लॉग्ज कोण? या पुस्तकात तो निवृत्त आहे. पण ब्रिग्जचं त्याआधीचं पुस्तक बघा, 'जेंटलमन जिम', १९८० चं. त्यात हाच जिम सार्वजनिक संडास साफ करतो. तिथं तो दुसऱ्या कामाची स्वप्नं बघतो आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं जातं, तुझ्याकडे परीक्षेचे कागद कुठायत? कागद नाहीत. शेवटी तुरुंगात जातो. हे माहीत नसेल तर दुसरं पुस्तक अर्धंच कळतं. आयुष्यभर लोकांची घाण काढलेला, शाळा न झालेला माणूस आता सरकारी पत्रकातला शब्द न् शब्द पाळतोय. मोठे शब्द त्याला धड म्हणता येत नाहीत, तरी तो म्हणतो. कारण ते शब्द वरून आलेत.

पुस्तक वाचलेल्या दोन-तीन शिकल्यासवरल्या मित्रांनी मला सांगितलं, "काय बावळट जोडपं आहे!" मला राग आला. बावळट? ज्याला पन्नास वर्षं तुला काही कळत नाही म्हणून सांगितलं, त्याने ऐन मरणाच्या दिवशी एकदम शहाणं व्हायचं?

माझा बाप सफाई खात्यात होता. आमच्या चाळीला एकदा नोटीस आली, इमारत धोकादायक आहे म्हणून. बाप ती वाचू शकत नव्हता. त्याने ती चार घड्या करून पत्र्याच्या ट्रंकेत, पगाराच्या कागदांबरोबर ठेवली. मी वाचून दाखवली तर म्हणाला, "आसूं दे. कागद आला म्हंजे आपलं नाव हाय ना कुठंतरी." नोटिशीत लिहिलं होतं बाहेर पडा. कुठं पडायचं ते लिहिलं नव्हतं. बापाला त्या कागदाची भीती वाटलीच नाही, उलट आधार वाटला. कोनमापक धरलेला जिम बघितला आणि मला ती ट्रंक दिसली. हा बावळटपणा नाही. ज्याची कधी दखल घेतली गेली नाही त्याला आपली दखल घेतलेला कागद दिसला की असं होतं.

ब्रिग्जला हे कुठून कळलं? त्याचा बाप दूधवाला होता, आई पूर्वी बड्या घरी मोलकरीण. पुढे १९९८ साली त्याने 'एथेल अँड अर्नेस्ट' नावाने त्यांचीच गोष्ट चितारली, आणि जिम-हिल्डात तर ते दोघं उघड-उघड आहेत. म्हणून तो त्यांच्यावर हसतो तो घरातलं माणूस हसतं तसा. आपल्याकडच्या पांढरपेशा लेखकाने गरिबाचं अज्ञान लिहिलं की त्याला एक वास येतो, अत्तर लावून उकिरडा बघायला आल्यासारखा. ब्रिग्जच्या पानांना तो वास नाही. (२०२२ साली तो गेला. आपल्याकडे कुणाला पत्ता नाही.)

पुस्तकाचा सगळ्यात भयंकर भाग बॉम्बच्या नंतरचा. काय झालंय ते या दोघांना उमगतच नाही. नळाला पाणी नाही, दूधवाला येत नाही, पेपर येत नाही. रेडिओ मुका. बाहेर झाडं होरपळलेली, आणि तरी ऊन पडलंय म्हणून दोघं बाहेर जाऊन बसतात. भाजक्या मांसाचा वास येतो तर त्यांना वाटतं, लोकांनी रविवारचं जेवण आज लवकर चढवलं. पाऊस येतो, ते पाणी भांड्यात धरतात, उकळतात, चहा करतात. हिल्डाचं म्हणणं सरळ आहे. दिसत नाही, लागत नाही, तर ते करणार काय? मग हिरड्यांतून रक्त. अंगावर निळे डाग. केस हातात येतात. प्रत्येक वेळी जिमकडे एक समजूत तयार, वयाची नाहीतर दगदगीची.

या जागी आपल्या वाचकाने थांबावं. न दिसणारा, वास नसणारा आणि तरी शिवल्याने लागणारा असा विटाळ मानून ज्या देशाने माणसं गावकुसाबाहेर ठेवली, तिथला वाचक आपण. जे मुळात नव्हतंच त्याच्यासाठी सावलीपर्यंतची खबरदारी! आणि जे खरोखर होतं, हाडात शिरत होतं, त्याबद्दल दोन म्हाताऱ्यांना धड कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते दारं टेकवायला.

चित्रांबद्दल दोन शब्द. घरातल्या चौकटी लहान, दाटीवाटीच्या, रंग मऊ. मधेच एक अख्खं दुपानी चित्र येतं, काळपट, त्यात क्षेपणास्त्र, पुढे कधी विमान, कधी पाणबुडी. पान उलटलं की परत चहा आणि उशा. घरातल्यांना घराबाहेरचं काही दिसत नाही आणि आपल्याला दिसतं. नाटकीपणा न करता एवढं साधलंय. बॉम्बच्या पानावर तर फक्त पांढरा उजेड.

१९८६ साली याचा सिनेमा निघाला. दिग्दर्शक जिमी मुराकामी, अमेरिकेत जन्मलेला जपानी वंशाचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने एका हुकमाने तिथल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, त्यात हा पोरवयात होता, कॅलिफोर्नियातल्या ट्यूल लेकच्या छावणीत. सरकारी कागद घराचं काय करतो ते त्याला कुणी शिकवायला नको होतं.

आता माझं भांडण. हे पुस्तक आलं त्याला जेमतेम दोन वर्षं झाली, आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळात युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. फाटकासमोर जयप्रकाश नगरची झोपडवस्ती. तिथंही नवरा-बायको झोपलेले होते. डोळ्यांत मिरच्या टाकल्यासारखं झालं आणि कळेना काय आहे. हा वायू पाण्यात विरतो. तोंडावर ओलं फडकं धरलं असतं, वाऱ्याला आडवं निघालं असतं, तर कितीजण वाचते. लोक वाऱ्याबरोबरच पळाले आणि धापा टाकत जास्तच छातीत ओढून घेतला. वस्तीला ऐकू जाणारा भोंगा थोड्या वेळात बंद केला गेला. पत्रक नव्हतं. ५० पेन्सचं सोडा, फुकटचं पण नव्हतं. आणि असतं तरी काय? दारं काढा म्हणायला तिथं कुठं दार होतं? दाराला पोतं.

जिम-हिल्डाही शेवटी त्या खोपटात, कागदी पोत्यांतच शिरून पडतात. पण त्यांना निदान घर होतं. २०२० साली घरात बसा म्हणून हुकूम निघाला तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं आणि संडास गल्लीच्या टोकाला, असे आपलेच लोक लाखांनी होते. आसऱ्याला आधी घर लागतं, ही गोष्ट ब्रिग्ज गृहीत धरतो. त्याचा तो दोष मी मोठा मानत नाही. तो त्याच्या आईबापाचं लिहीत होता.

मोठा दोष दुसरा. त्याने या दोघांना फार एकटं ठेवलंय. शेजारी नाही, जिमच्या कामावरचा एक सोबती नाही, विचारायला माणूस नाही. माणूस एकटा असला की कागदावर विश्वास ठेवण्यावाचून करणार काय? दया यावी म्हणून हे एकटेपण लेखकाने रचलंय, असं मला राहून-राहून वाटतं. शेवटी जिम प्रार्थना म्हणायला जातो. त्याला ती धड आठवत नाही. मृत्यूच्या दरीचं म्हणता-म्हणता तो शाळेतल्या लढाईच्या कवितेत शिरतो, आणि पुस्तक संपतं. तुम्ही रडता. मी पण रडलो. पण रडून झाल्यावर मला त्यांचा पोरगा आठवला.

त्यांना रॉन नावाचा मुलगा आहे. लंडनमध्ये राहतो. पत्रक आल्यावर जिम त्याला फोन करतो आणि सगळं वाचून सांगतो, दारं, कोन, पांढरा रंग. रॉन पलीकडून हसत सुटतो. जिमला कळत नाही पोराला काय झालंय, हिल्डालाही त्याचं वागणं बरोबर वाटत नाही. अख्ख्या पुस्तकात खरं काय ते कळलेला हा एकच माणूस, आणि तो चित्रात एकदाही येत नाही. त्याला कुणी शिकवलं, त्याच्याबरोबर आणखी कोण होते, फोन ठेवल्यावर तो हसतच राहिला की उठून कुठं गेला, यातलं काही ब्रिग्जने काढलेलं नाही. मला तेवढीच दोन पानं हवी होती.