उन्हाळी चीजबोर्ड: मांडायचा की वाढायचा?

मे महिना आला की मोबाइलवर एक फोटो हमखास दिसायला लागतो. लांबलचक लाकडी फळी, तिच्यावर ब्री, चेडर, निळ्या शिरांचं चीज, मधल्या फटींत द्राक्षं, स्ट्रॉबेरी, अक्रोड आणि कडेला मधाची वाटी. खाली लिहिलेलं असतं, ‘उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी झटपट चीजबोर्ड’. पुण्या-मुंबईच्या घरगुती पार्ट्यांत हा प्रकार आता चांगलाच रुळलाय. माझं पीएचडीचं काम दुधाच्या चरबीवर, त्यामुळे ‘हे आपल्याकडे जमेल का गं?’ हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. तर आज या फोटोखालच्या सल्ल्याची समीक्षा करू. शोधनिबंध वाचताना जो प्रश्न आधी विचारायचा असतो तोच इथेही विचारू या: हे म्हणणं कोणत्या परिस्थितीत खरं आहे?

सल्ल्यात बहुतेक वेळा तीन कलमं असतात. चीज तासभर आधी फ्रीजबाहेर काढा. एक मऊ, एक कडक, एक निळं घ्या. आणि फळीचं लाकूड दिसणार नाही इतकी ती भरा.

पहिलं कलम चूक नाही, अर्धवट आहे. दुधाची चरबी हा एकच एक पदार्थ नसतो. ते वेगवेगळ्या ट्रायग्लिसराइड्सचं मिश्रण असतं आणि प्रत्येकाचं वितळण्याचं तापमान निराळं. घरात साजूक तुपाची बरणी असेल तर हा प्रयोग तुम्ही वर्षभर बघताच आहात. डिसेंबरात तूप घट्ट, मेमध्ये वर पातळ आणि तळाशी रवा. हा रवा म्हणजे उशिरा वितळणारा हिस्सा. लॅबमध्ये हेच डिफरेंशियल स्कॅनिंग कॅलरीमीटरवर मोजतात: नमुना सावकाश तापवत न्यायचा आणि कुठल्या अंशाला तो किती उष्णता शोषतो ते बघायचं. ढोबळ हिशेब असा, की फ्रीजमधल्या ५ अंशांना साधारण निम्मी चरबी घट्ट असते, २० अंशांना साधारण पाचवा हिस्सा, आणि ३५-३७ अंशांना जवळपास सगळी पातळ.

चीजच्या वासाचे बरेच रेणू या चरबीत विरघळलेले असतात. थंडगार चीजमधून ते फारसे सुटत नाहीत, म्हणून फ्रीजमधून थेट ताटात आलेलं चीज मुकं लागतं. २० अंशांच्या आसपास ते बोलायला लागतं आणि आकारही धरून ठेवतं. म्हणजे ‘तासभर आधी’ हे शहाणपणाचंच, पण ते १८-२० अंशांच्या खोलीतलं शहाणपण आहे. पुण्यात मेमधल्या संध्याकाळी घरात ३०-३२ अंश सहज असतात. तिथे तासाभरात चेडरला तुपकट घाम फुटतो आणि ब्री फळीवरून वाहायला लागतं. ‘रूम टेंपरेचर’ म्हणताना रूम कुणाची, हे मात्र फोटोखाली कुणी लिहीत नाही. आपल्याकडे मोठ्या तुकड्याला वीसेक मिनिटं आणि लहान तुकड्यांना त्याहून कमी वेळ पुरतो.

दुसऱ्या कलमावर माझा आक्षेप जास्त आहे. मऊ-कडक-निळं या यादीत उन्हाळा कुठे आहे? हीच यादी डिसेंबरातही चालते. फक्त डाळिंबाच्या जागी स्ट्रॉबेरी येते. जिथून हा प्रकार आला त्या फ्रान्समध्ये ऋतू दुधात असतो. तिथल्या शेळ्या मोसमानुसार वितात, साधारण हिवाळा सरता सरता. मग वसंतापासून दूध वाढतं, म्हणून वालांसे किंवा सेंत-मोर द तूरेनसारखी शेळीच्या दुधाची कोवळी चीजं वसंत-उन्हाळ्यात खायची. उलट मों-द’ऑर हे मऊ चीज नियमाप्रमाणे १५ ऑगस्ट ते १५ मार्च एवढ्याच काळात करता येतं, म्हणून ते हिवाळ्याच्या टेबलावरचं. तिथली उन्हाळी फळी वेगळी दिसते ती या कारणाने. आपण तिची सजावट उचलली आणि कारण तिथेच ठेवलं. बरं, सजावट तरी उन्हाळी आहे का? मेपर्यंत नाशिकच्या द्राक्षांचा आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम उरकलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे पाहुण्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. फोटोत चीज बिघडल्याची खूण म्हणजे वितळणं. प्रत्यक्षात वितळणं आणि बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पार्मिजानो रेजानोमध्ये पाणी साधारण ३० टक्के, मीठ बऱ्यापैकी, आणि ते किमान १२ महिने मुरलेलं. उकाड्यात त्याला घाम आला तरी जंतूंना तिथे फारसा थारा मिळत नाही. पनीरचं उलट. दूध तापवून आंबटाने फाडल्यामुळे त्यातल्या प्रथिनांची जाळी वितळत नाही, म्हणून पनीरचा तुकडा ३५ अंशांनाही कसा ताठ उभा असतो. पण त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि मीठ जवळपास नाहीच. म्हणजे जे घामाघूम दिसतं ते बहुधा ठीक असतं आणि जे टवटवीत दिसतं त्याचीच काळजी घ्यायची असते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नाशवंत पदार्थांसाठीचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्या पार्ट्या तासाभरात संपतात का, सांगा!

पाहुण्यांबद्दलच्या आणखी दोन गोष्टी या फोटोंखाली हटकून गाळलेल्या असतात. पार्मिजानो रेजानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच बनतं, म्हणजे काटेकोर शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच चीज आणावं. आणि गरोदर बाईला ब्री, कॅमेंबेर किंवा मऊ निळं चीज देऊ नये, कारण लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतो. पाहुणचार करायचा तर एवढं तरी विचारायला हवं ना?

तिसरं कलम, फळी गच्च भरण्याचं, मला मुळातच पटत नाही. सगळं एकदम मांडलं की शेवटचा पाहुणा दोन-अडीच तास बाहेर राहिलेलं चीज खातो. पंगतीत आपण असं करत नाही. आपण वाढतो. भात आला, वरण आलं, तूप आलं, मग पुन्हा विचारायला कुणीतरी फिरतं. उन्हाळ्यातल्या चीजला हीच पद्धत सोसते: लहान ताटली, दोनच चीजं, संपली की पुढची फ्रीजमधून. फोटो भरगच्च येणार नाही, हे कबूल.

या फोटोवाल्यांचं एक श्रेय मात्र द्यायला हवं. खारट चीजशेजारी गोड, आंबट, कुरकुरीत काहीतरी हवं, हे त्यांनी अचूक ओळखलंय. फक्त त्यासाठी बाटलीतला अंजीर जॅम आणायची गरज नाही, ताटाची डावी बाजू आपल्याला ठाऊक आहे. मुरलेल्या चेडरला मेथांबा द्या. कैरीचा आंबटपणा आणि मेथीचा कडूपणा चरबीला छान कापतो. फेटा खाऱ्या पाण्यातलं, आंबट आणि न वितळणारं, त्याच्याबरोबर करवंदं. पारशी लोकांचं टोपली पनीर मिळालं तर उत्तमच. रेनेटने खरवसासारखं मऊ जमवलेलं हे पनीर आपल्याच निवळीत ठेवतात. ते थंड निवळीसकट बर्फावरच्या वाडग्यात ठेवावं आणि बाजूला हापूसच्या फोडी. बिस्किटांऐवजी ज्वारीच्या भाकरीचे कडक भाजलेले तुकडे किंवा खाकरा.

ब्री आवडत असेल तर जरूर आणा. अगदी लहान आणा आणि सगळे जमल्यावर, पाणी-सरबत झालं की मगच कापा.