तीन साक्षीदार की एकच? फ्रेय दियोगो दास शागास वाचताना

कोर्सवर्कच्या वर्षी मी ऐतिहासिक भूकंपांवर एक सेमिनार दिला होता. उदाहरण घेतलं होतं अझोर्सचं, म्हणजे लिस्बनच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये साधारण 1500 किलोमीटरवर असलेल्या नऊ पोर्तुगीज बेटांचं. तिथल्या साओ मिगेल बेटावर 21 आणि 22 ऑक्टोबर 1522च्या मधल्या रात्री भूकंप झाला, डोंगराचा उतार सुटला आणि व्हिला फ्रांका दो कांपो हे तेव्हाचं मुख्य गाव चिखलाखाली गाडलं गेलं. मृतांचा अंदाज पाच हजारांच्या आसपास दिला जातो. माझ्या स्लाईडवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘तीन स्वतंत्र सोर्सेस’. खाली तीन जुन्या इतिहासकारांची नावं.

सरांनी एवढंच विचारलं, “या तिघांनी एकमेकांचं वाचलं होतं का गं?”

मला माहीत नव्हतं. तिघांपैकी एक होता फ्रेय दियोगो दास शागास. त्याचं नाव मी एका कॅटलॉगमधून उचललं होतं. तो कोण, कुठला, कधी जगला, काहीही न बघता. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा या माणसाचं आयुष्य वाचलं. तुम्ही सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असाल, तर माझी ही फजिती तुमच्या उपयोगाची आहे.

तर शागास. ‘फ्रेय’ हे नाव नाही, पोर्तुगीजमध्ये संघात दीक्षा घेतलेल्या भिक्षूच्या नावाआधी लावतात ते. हा फ्रान्सिस्कन संघाचा भिक्षू. जन्म 1584च्या सुमाराचा, फ्लोरेस बेटावरच्या सांता क्रूझ गावातला. पुढे संघात शिकला, वर चढला, अझोर्समधल्या फ्रान्सिस्कनांचा प्रमुखही झाला आणि तेर्सेइरा बेटावरच्या आंग्रा शहरात राहिला. (आंग्रा म्हणजे छोटी खाडी. आपल्या आंग्र्यांशी संबंध नाही, मीही आधी तोच विचार केला होता.) 1640 आणि 1650च्या दशकांत त्याने आपला मोठा ग्रंथ लिहिला: ‘एस्पेल्यो क्रिस्तालिनो एं जार्दिं दे व्हारियास फ्लोरेस’. अर्थ साधारण ‘नाना फुलांच्या बागेतला स्फटिकाचा आरसा’. पोर्तुगीजमध्ये फ्लोरेस म्हणजे फुलं, आणि हा फ्लोरेसचाच. शीर्षकातच माणसाने आपलं गाव लपवून ठेवलंय. 1660च्या सुमारास तो वारला.

आणि ग्रंथ? तो छापला गेला 1989 साली. म्हणजे जवळजवळ साडेतीनशे वर्षं तो हस्तलिखितातच होता.

इथे पहिली गंमत आहे, आणि ती आपल्या रेफरन्सिंगच्या सवयीवर आहे. अझोर्सचे चार जुने लेखक घ्या. लिहिण्याच्या क्रमाने: पहिला गास्पार फ्रुतुओझो, 1580च्या दशकाच्या उत्तरार्धात. मग शागास. मग साओ मिगेलचाच फ्रान्सिस्कन आगोस्तिन्यो दे मोंते अल्व्हेर्ने, जो 1629ला जन्मला. शेवटी जेझुइट आंतोनियो कोर्देइरो. आता छापण्याचा क्रम बघा. सगळ्यात आधी छापला गेला कोर्देइरो, 1717 साली. फ्रुतुओझोच्या ग्रंथाचा मदेइराबद्दलचा भाग 1873ला आला आणि बाकीचे भाग विसाव्या शतकात हळूहळू येत राहिले. मोंते अल्व्हेर्ने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला. शागास 1989. सगळ्यात शेवटी लिहिणारा सगळ्यात आधी छापला गेला, त्यामुळे कित्येक पिढ्या लोक त्यालाच मूळ समजून उद्धृत करत राहिले. आणि आज तुम्ही कंसात वर्ष टाकण्याच्या पद्धतीने शागासचा संदर्भ दिलात, तर सतराव्या शतकातला भिक्षू 1989चा दिसतो. सॉफ्टवेअरला काय, त्याला छापील वर्ष तेवढं कळतं.

आता सरांच्या प्रश्नाकडे. फ्रुतुओझो भिक्षू नव्हता, धर्मग्रामाचा पाद्री होता. 1565पासून मरेपर्यंत साओ मिगेलवरच्या रिबेइरा ग्रांदे गावात होता. ‘सौदादेस दा तेर्रा’ हा त्याचा सहा भागांचा ग्रंथ पुढच्या सगळ्यांनी वापरला. शागासने वापरला, मोंते अल्व्हेर्नेने वापरला, कोर्देइरोने तर भरपूर वापरला. हस्तलिखित साओ मिगेलवरच्या जेझुइटांकडे होतं, कोर्देइरो स्वतः जेझुइट. मग 1522च्या त्या रात्रीबद्दल हे तिघे चौघे एकसारखं सांगतात यात नवल ते काय?

आपल्या भाषेत सांगायचं तर, तीन थर्मामीटरनी तापमान मोजलं तर सरासरीतली चूक कमी होते. पण एकाच थर्मामीटरचे तीन फोटो काढले तर काहीही कमी होत नाही. एरर बार मात्र छोटा दिसतो, आणि तोच धोका. माझ्या स्लाईडवर तीन फोटो होते.

आणि त्या एका थर्मामीटरचंही ऐका. फ्रुतुओझोचा जन्म 1522च्या सुमारासच झालेला. म्हणजे त्याने जे लिहिलं ते ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून, किंवा त्यांच्या मुलांकडून ऐकून, साठेक वर्षांनी. ते वर्णन टाकाऊ आहे असं मी म्हणत नाहीये. व्हिला फ्रांकामध्ये नंतर उत्खनन झालं, गाडलेलं गाव सापडलं, भूशास्त्रज्ञांनी दरड कुठून आली ते नकाशावर मांडलं. फ्रुतुओझो मोठ्या मुद्द्यांवर खरा ठरला. पण त्याला खरं ठरवलं ते जमिनीतल्या पुराव्याने, शागास आणि कोर्देइरो यांच्या होकाराने नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, मग शागास बिनकामाचा, नकलाकार. मलाही महिनाभर तसंच वाटत होतं. तो माझा दुसरा उतावळेपणा.

कारण त्याचं आयुष्य नकाशावर ठेवून बघा. फ्लोरेस हे अझोर्सचं अगदी पश्चिमेचं टोक. साओ मिगेलपासून पाचशे किलोमीटरहून जास्त दूर. फ्रुतुओझो साओ मिगेलच्या आपल्या गावात बसून या टोकाबद्दल लिहिणार तो दुसऱ्यांच्या सांगण्यावरूनच. शागास तिथे जन्मला, तिथल्या घराण्यांत वाढला. फ्लोरेस आणि शेजारचं चिमुकलं कोर्व्हो यांच्या वसाहतीबद्दल, घराण्यांबद्दल, मठांबद्दल तो बोलतो तेव्हा तो घरचा माणूस आहे. वंशावळींची पानं भूकंपवाल्याला कंटाळवाणी वाटतात (मला वाटली), पण नाशिकच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांचं मोल ज्याला कळतं त्याला या पानांचं कळेल. कोणतं घराणं कुठून कुठे गेलं, हे सांगणाऱ्याला भूकंप सिद्ध करायचा नसतो. म्हणूनच ती माहिती जास्त भरवशाची.

आता त्यातली खोच. भूशास्त्राच्या नजरेने फ्लोरेस आणि कोर्व्हो ही बाकीच्या सात बेटांपेक्षा वेगळी आहेत. ती मध्य अटलांटिक पर्वतरांगेच्या पश्चिमेला, नॉर्थ अमेरिकन प्लेटवर बसलेली आहेत. बाकीची सात पूर्वेला, जिथे युरेशियन आणि नुबियन प्लेटची सीमा तुटकतुटक जाते. मोठे भूकंप, ऐतिहासिक काळातले उद्रेक, सगळं त्या सात बेटांच्या भागात. फ्लोरेसवर माणसं राहायला आल्यापासून एकही ज्वालामुखी उद्रेक नाही. म्हणजे शागास जिथे खरा घरचा साक्षीदार आहे, तिथे जमीन सगळ्यात शांत. आणि 1522सारख्या ज्या घटनेसाठी आम्ही भूकंपवाले त्याचं पुस्तक उघडतो, तिथे तो ऐकीव.

मधला एक पट्टा मात्र उरतो आणि तो महत्त्वाचा. 24 मे 1614ला तेर्सेइरावरचं प्राइया गाव भूकंपाने उद्ध्वस्त झालं, तेव्हा शागास तिशीचा होता. सप्टेंबर 1630मध्ये साओ मिगेलवर फुर्नास ज्वालामुखीचा उद्रेक झाला, सुमारे दोनशे माणसं गेली, तेव्हा तो पंचेचाळिशीच्या आसपास. फ्रुतुओझो 1591लाच वारलेला. या घटनांबाबत शागास त्याची नक्कल करूच शकत नाही. तो त्याच काळातला माणूस आहे, ज्याच्या संघाचे मठ बेटाबेटांवर होते. म्हणजे एकाच ग्रंथात तीन प्रकारची पानं: जिथे तो राहिला ती, जे त्याच्या हयातीत घडलं ती, आणि जे त्याने दुसऱ्याचं वाचून लिहिलं ती. ‘शागास विश्वासार्ह आहे का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणत्या पानावर, हे विचारा.

त्याच्यावर लिहिलेल्या छोट्या चरित्रात्मक नोंदींबद्दल माझी हीच तक्रार आहे. त्या बायोडेटासारख्या असतात: जन्म, शिक्षण, पदं, ग्रंथ, मृत्यू. शेवटी ‘अझोर्सच्या इतिहासाचं महत्त्वाचं साधन’ असा शिक्का. महत्त्वाचं, कबूल. पण त्याच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या पानांच्या वजनावर परिणाम करते, हा धागा कोणी ओढत नाही. उदाहरणार्थ, सांता क्रूझमधला साओ बोआव्हेंतुरा हा फ्रान्सिस्कन मठ 1640च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला तो पाद्री इनासियो कोएल्यो याच्या पुढाकाराने. हा कोएल्यो शागासचा सख्खा भाऊ. (आज त्या इमारतीत फ्लोरेसचं संग्रहालय आहे.) म्हणजे संघाचा इतिहास लिहिणारा संघाचा प्रमुख, आणि मठ उभारणारा त्याचा भाऊ. आज पेपरच्या शेवटी आपल्याला हितसंबंध जाहीर करायला लावतात. शागासच्या पेपरला तो रकाना नव्हता, तो आपण भरायचा.

वाङ्मय किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. बखरींवर विसंबू नका, मूळ कागद बघा, हे राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या 1898च्या पहिल्या खंडापासून कानीकपाळी ओरडून सांगितलंय. पण सायन्सवाल्यांना वाटतं की कॅटलॉगमध्ये आकडा आला म्हणजे तो डेटा झाला. आपल्याच किनाऱ्याचं उदाहरण घ्या. 26 मे 1618ला मुंबई आणि वसईच्या भागात मोठा विध्वंस झाला. तो भूकंप म्हणून कॅटलॉगमध्ये गेला, दोन हजार मृतांसह, आणि एका यादीतून दुसऱ्या यादीत जात राहिला. जुनी वर्णनं पुन्हा वाचणाऱ्यांनी दाखवलं की ते वादळ होतं. मुंबईच्या भूकंपधोक्याचं गणित करणाऱ्याला असा एक भूकंप जास्त मोजणं परवडत नाही.

मग स्वतंत्र साक्षीदार दिसतो तरी कसा? तोही अझोर्समध्येच सापडतो, आणि गोव्याहून आलेला आहे. यान हायघेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण 1583ला गोव्यात आला, तिथल्या आर्चबिशपचा सचिव होता. परतताना 1589मध्ये तेर्सेइरावर अडकला आणि दोनेक वर्षं आंग्रामध्येच राहिला. गोव्याहून लिस्बनला जाणारी जहाजं तिथे थांबत, म्हणून हे बेट. त्याचा प्रवासग्रंथ 1596ला निघाला आणि त्यात जुलै 1591मध्ये साओ मिगेलवर झालेल्या भूकंपाची नोंद आहे. पुन्हा व्हिला फ्रांकाच पडलं, आणि धक्के ऑगस्टपर्यंत चालू राहिले, असं तो लिहितो. तो साओ मिगेलवर नव्हता, त्यामुळे हेही ऐकीवच. पण ऐकणं आणि घडणं यांत साठ वर्षं नाहीत, आणि त्याच्या टेबलावर फ्रुतुओझोची वही नव्हती. माझ्या हिशेबाने तो वेगळा थर्मामीटर.

तुमच्या सिनॉप्सिसमधले सगळ्यात लाडके तीन संदर्भ घ्या. एका कागदावर नावं लिहा आणि कोणी कोणाचं वाचलं त्याचे बाण काढा. पेपर असोत, बखरी असोत, रिव्ह्यू आर्टिकल असोत, कृती तीच. तासाभराचं काम आहे, आणि व्हायव्हाआधी केलेलं बरं, नाहीतर माझ्यासारखं भर वर्गात करावं लागतं.

माझी ती स्लाईड मी नंतर दुरुस्त केली. आता तिच्यावर 1522साठी लिहिलंय: लिखित साक्षीदार एक, तोही त्याच सुमारास जन्मलेला, प्रती तीन. खाली उत्खननाची एक वेगळी ओळ. आणि शागासचं नाव त्या स्लाईडवरून काढून 1614 आणि 1630च्या स्लाईडवर टाकलंय.