टेंबे, गोविंद सदाशिव

(५ जून १८८१–९ ऑक्टोबर १९५५). ख्यातनाम हार्मोनियमवादक, संगीतरचनाकार, गायक नट व लेखक. जन्म कोल्हापूरजवळील सांगवडे येथे. संगीताचे संस्कार कोल्हापुरात. पेटी ते बहुतांशी स्वप्रयत्नाने शिकले. कोल्हापूरच्या देवल क्लबमुळे त्यांना अभिजात संगीताची गोडी लागली. पुढे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांची साथ करीत असताना त्यांनी ख्यालाची मांडणी आत्मसात केली. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांची प्रत्यक्ष तालीम त्यांना लाभली नाही. परंतु त्यांच्या गायकीचाही प्रभाव टेंब्यांवर पडला.

टेंब्यांच्या वादनाची महत्ता त्यांच्या वाद्याच्या मर्यादा ध्यानात घेतल्याखेरीज कळत नाही. हार्मोनियम मूळचे यूरोपीय वाद्य. देबँ याने ते पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास सिद्ध केले. त्यात सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने त्याचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधाराहून सु. १४ सेंट (सप्तक = १,२०० सेंट) चढा बोलतो. शिवाय एका पट्टीवरून दुसरीवर जाताना मधला नाद मिळत नाही. त्यामुळे मींड अशक्य होते व आंदोलित स्वरांचा केवळ भास निर्माण करावा लागतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व ई. क्लेमंट्स यांनी श्रुतींची पेटी करवून स्वरांतरांचा दोष दूर करण्याचा प्रयत्न केला. पण ती रूढ झाली नाही, आणि मींडेचा प्रश्न तिनेही सुटण्यासारखा नव्हता.

साथीत हे दोष बरेचसे झाकले जातात, कारण पेटीतून सुटलेली मींड गायकाचा कंठ भरून काढीत असतो. टेंब्यांनी साथ सोडून स्वतंत्र वादन पत्करले, तेव्हा हा आडोसा नाहीसा झाला. कणस्वर, पट्टी दाबण्या-सोडण्यातील सफाई आणि भात्याच्या दाबातील चढउतार एवढ्याच साधनांनी गायकी उभी करणे त्यांना भाग होते. त्यांच्या पेटीतील गोडवा व गायकी अंग रसिकांनी वाखाणले. केवळ बोटांच्या चपळाईने श्रोत्यांना दिपविण्याचा मार्ग या वाद्यात सोपा असतो. टेंब्यांचा ओढा मात्र गळ्याकडे होता.

त्यांची समकालीन पोलिश वादक व्हांडा लांडोव्हस्का (१८७९–१९५९) हिच्याशी तुलना उद्‌बोधक ठरते. यूरोपात मागे पडलेले हार्प्सिकॉर्ड हे पट्टीवाद्य तिने मैफलीत परत आणले. स्पर्शाच्या जोराने नाद लहानमोठा करण्याची सोय त्यातही जवळजवळ नसते. ती उणीव तिने स्वरसमूहांच्या नेमक्या विभागणीने भरून काढली. परंतु बाखसारख्यांचे संगीत त्या वाद्यासाठीच रचलेले होते. टेंब्यांना पट्टीवाद्याचा विचारही नसलेले संगीत त्यावर वाजवावयाचे होते.

या साधनेचे सर्वांत टिकाऊ फळ मैफलीपेक्षा रंगभूमीवर दिसते. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मानापमान (१९११) या खाडिलकरांच्या नाटकाच्या चाली टेंब्यांनी दिल्या. पूरबी ठुमरी, कजरी इत्यादींच्या वळणाच्या या चालींनी नाट्यसंगीताला नवी दिशा दिली. चालीचा सांगाडा पेटीवाल्याचा, पण त्यातील मोकळ्या जागा बालगंधर्वांच्या गळ्याने भरल्या; पेटीला जे अशक्य ते तेथे पुरे झाले.

इ. स. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली व लवकरच तीतून बाहेर पडून शिवराज नाटक मंडळी काढली. प्रभात कंपनीच्या अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका व संगीत दोन्ही त्यांची होती. मायामच्छिंद्र (१९३२), सैरंध्री (१९३३) इ. चित्रपटांनाही त्यांनी संगीत दिले. या बहुविध व्यापांमुळे पेटीवादन मागे पडले, ही हानी मान्य करावी लागते.

त्यांच्या हयातीतच १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला मज्जाव केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ च्या सुमारास, अंशतः शिथिल झाला. मधल्या काळात पी. मधुकर, त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर आदींनी पेटीची परंपरा चालू ठेवली. माझा संगीत व्यासंग (१९३९) व माझा जीवनविहार (१९४८) ही टेंब्यांची आत्मपर पुस्तके तत्कालीन मैफली व गायकांच्या अभ्यासास उपयुक्त आहेत. यांखेरीज कल्पना संगीत हा ग्रंथ व पट-वर्धन हे नाटक त्यांनी लिहिले.