पादत्राणे, स्त्री-आरोग्य आणि कालबाह्य वैद्यकमत

नेहमी अनवाणी चालणे आरोग्यास, आयुष्यास व डोळ्यांस अपायकारक होय, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय २४) सांगितले आहे. तळपाय व दृष्टी यांचा असा संबंध आधुनिक वैद्यक मानत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा पादत्राणांस डोळ्यांचे निमित्त लागतही नाही; पाय भाजतात, एवढे कारण पुरे. मात्र स्त्रियांना वगळणारे शब्द त्या विधानात नाहीत, ही बाब महत्त्वाची आहे. एकोणिसाव्या शतकात काशीबाई कानिटकर व आनंदीबाई जोशी जोडे घालून, छत्री घेऊन रस्त्याने निघाल्या असता त्यांच्यावर दगड भिरकावले गेले, असे स्त्रीसाहित्याच्या इतिहासात नमूद आहे. (याच आनंदीबाई १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या.) परंपरेच्या या कैवाऱ्यांना संहिता आठवली नाही, शास्त्राधार सोयीपुरताच होता.

पाश्चात्त्य वैद्यकाची गत फारशी निराळी नव्हती. उंच टाचांनी गर्भाशय स्थानभ्रष्ट होते, असे तेथील डॉक्टर बजावीत. स्त्रीचे शरीर म्हणजे गर्भाशय, हे त्यामागील गृहीतक. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये केरिगन प्रभृतींनी २० स्त्रियांच्या चालण्याचे मापन प्रसिद्ध केले. वाढलेला ताण आढळला तो गुडघ्यात.