दगडातलं पाणी आणि खंडांचं कारण

आपण विश्रामबागेत बसलोय आणि आपल्या पायाखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसॉल्ट आहे. विहीर खणणाऱ्यांना त्यातला भोकाभोकांचा मांजऱ्या खडक ठाऊक असतो. त्या भोकांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक वाढतात, आपण सरसकट गारगोटी म्हणतो. ते तापवले की पाणी सोडतात. म्हणजे दगडात पाणी असतं, हे आपल्याला परकं नाही.

आज परीक्षण एका सूत्राचं. कॅम्बेल आणि टेलर यांनी 1983 मध्ये एका शोधनिबंधात म्हटलं, की पाणी नाही तर ग्रॅनाइट नाही, आणि महासागर नाहीत तर खंडही नाहीत. युक्तिवाद असा: आदिकाळचा बेसॉल्ट समुद्राशी भिडला, पाणी त्याच्या खनिजांत बांधलं गेलं. तो खडक खोल गेला, तापला, पाणी सुटलं. कोरडा बेसॉल्ट वितळायला 1100 अंशांच्या आसपास तापमान लागतं. पाणी असेल तर काहीशे अंश कमी पुरतं. त्यातून निघालेला रस सिलिकायुक्त आणि हलका. बेसॉल्टची घनता 3 च्या आसपास, ग्रॅनाइटची 2.7. म्हणून खंड तरंगतात. आपल्या शेजारी कोयना परिसरात खोल भोकं पाडली, तेव्हा सुमारे एक किलोमीटर बेसॉल्टखाली तसलाच, अब्जावधी वर्षं जुना खडक लागला.

आता तपासू या, आपल्या नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाने. पाणी आहे तिथे ग्रॅनाइट, हा अन्वय. तो आपल्या दख्खनवरच अडतो. इथल्या बेसॉल्टमध्ये पाणी आहे, पण तो वरच राहिला, खोल जाऊन तापला नाही. म्हणजे नुसतं पाणी पुरेसं नाही.

पाणी नाही तिथे ग्रॅनाइट नाही, हा व्यतिरेक. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या खडकांत ग्रॅनाइटसारखे बारीक तुकडे सापडले, आणि चंद्र तर जवळजवळ कोरडा. अक्षरशः घेतलं तर सूत्र इथे मोडतं. खंडाएवढ्या राशीबद्दल म्हटलं तर टिकतं. लेखकांचा रोख तोच आहे, पण घोषवाक्य तेवढं बोलत नाही. शुक्राचा दाखला द्यावा, तर तिथे यानांनी मोजक्याच जागी खडक तपासलेत. या सूत्राचं खरं बळ प्रयोगशाळेतल्या भट्टीत आहे. ओला बेसॉल्ट दाबाखाली तापवला की तसा रस खरंच निघतो.

मग पाण्याला कारण म्हणायचं कोणत्या अर्थाने? मडक्याला माती समवायी कारण, कुंभाराचा दंड निमित्त. पाणी दंडासारखं वाटतं. पण दंड मडक्यात उरत नाही; पाणी मात्र ग्रॅनाइटच्या अभ्रकात थोडं उरतंच. तेव्हा आपलं जुनं वर्गीकरणही इथे ताणावं लागतं, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

हे मुद्दाम सांगतो. कारण व्याख्यानानंतर कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, सृष्टी पाण्यातून झाली हे आपल्याकडे आधीच सांगितलंय." थेलीसही पाणीच मूळ म्हणाला होता. पण किती अंशांना, किती दाबाखाली, कशातून काय, हे दोघांनीही सांगितलं नाही. चुकीचं ठरू शकेल असं विधान करणं हे धाडस असतं. 1983 च्या त्या निबंधाने ते केलं, म्हणून तर आपण आज त्यात दोष काढू शकलो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.