जुने दार बंद करताना

आज्ञावलीतील जुना भाग कधीतरी काढावाच लागतो. तो कसा काढला, हे तपासायला हवे. फायरफॉक्स या मुक्त स्रोत ब्राउझरचे उदाहरण घेऊ. बाहेरच्या मंडळींनी, बहुधा हौसेने, लिहिलेल्या पूरक आज्ञावल्या म्हणजे ॲड-ऑन त्याला जोडता येतात. जुने ॲड-ऑन ब्राउझरच्या अंतर्भागातच थेट फेरफार करीत. त्यामुळे आत काही बदलले की ते मोडत, शिवाय सुरक्षिततेलाही धोका असे. ही पद्धत बंद होणार, असे मोझिलाने ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर केले आणि नोव्हेंबर २०१७ मधील ५७ व्या आवृत्तीत ती बंद केली.

कारण रास्त होते, सव्वादोन वर्षांची सूचनाही होती. मग चुकले कुठे? पर्यायी ‘वेबएक्स्टेन्शन्स’ पद्धत याच काळात घडत होती. काही ॲड-ऑनना लागणाऱ्या सोयी तिच्यात नव्हत्याच. मग ते नव्याने लिहायचे कसे? अनेक ॲड-ऑन तिथेच थांबले. नवे पाठ्यपुस्तक हाती येण्याआधी जुने रद्द झाले, तर वर्गात काय होते हे आपण शिक्षक जाणतोच. मुदत मोजायची ती पर्याय पुरा झाल्या दिवसापासून. मोझिलाने ती घोषणेपासून मोजली.